‘होता’ म्हणा

"होता म्हणा," मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले. "एकदा म्हणा, होता. मग गाडी बोलावते."

माझा नवरा फरशीवर उजव्या कुशीवर पडला होता. तोंड वाकडं झालं होतं, लाळ गळत होती, आणि एक डोळा माझ्याकडे बघत होता. थोड्याच वेळापूर्वी तो खुर्चीत बसून बोटं मोजत सांगत होता, की येशू नावाचा माणूस कधी झालाच नाही, त्याची कुठं धड नोंद नाही. तिसऱ्या बोटाला जीभ जड झाली आणि तो हातातल्या कपासकट खाली आला. मी त्याला उचललं नाही. कुणाला हाकही मारली नाही. त्याच्याशी सौदा करत बसले.

तो बोलेना. मला वाटलं, हट्ट करतो आहे. चाळीस वर्षांवर त्याचा हट्ट बघितला होता, त्यातलाच एक वाटला. त्याला बोलता येत नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

माझे थोरले दीर गुडघ्यावर बसले होते. त्यांनी भावाच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले होते आणि ते मोठ्याने प्रार्थना करत होते. जाऊ चमच्याने त्याच्या तोंडात पाणी घालत होती, ते गालावरून खाली वाहत होतं. आम्हा तिघांनाही एकच वाटत होतं: बोलू नये ते बोलला, आणि वरून फटका आला.

मला स्वर्ग-नरकाचं फारसं भय नव्हतं. भय होतं ते मंडळीचं, आमच्या चर्चच्या माणसांचं. चाकूरला आम्ही ख्रिस्ती थोडे, दफनाची जागा त्याहून थोडी. मागच्याच महिन्यात मंडळीतल्या एका पंचाने मला ऐकवलं होतं, "तुमचे मालक असंच बोलून राहिले तर उद्या जागेला अडचण येईल, बाई." ते माझ्या मनात बसलं होतं. माणूस जिवंत होता आणि मी त्याच्या खड्ड्याची जागा बघत होते. हे लिहायला चांगलं वाटत नाही, पण झालं ते असंच.

इथे मी त्याला ‘तो’ लिहिते. तोंडावर कधी ‘अहो’शिवाय बोलले नाही. दिरांनाही ‘तो’ लिहिलं तर कोण कुठला ते कळणार नाही, म्हणून ते ‘ते’.

नवरा जमीन मोजणीच्या खात्यात होता. हदगाव, कंधार, शेवटी चाकूर. साखळी ओढून सुरुवात केली आणि मोजणीदार होऊन निवृत्त झाला. आयुष्यभर त्याचं काम एकच: बांधावर दोन भाऊ भांडत असायचे, आणि हा हद्दीचा दगड शोधत फिरायचा. दगड सापडला नाही तर कागद, कागद नसला तर शेजारच्या खातेदारांचे जबाब. निवृत्त झाल्यावर हाताला काम उरलं नाही. मुलीने फोन घेऊन दिला. त्यावर तो कुठल्या कुठल्या विद्वानांची भाषणं ऐकू लागला. काही म्हणायचे, येशू हा खरा माणूस होता, नंतर त्याच्याभोवती गोष्टी वाढल्या. काही म्हणायचे, माणूस नव्हताच, आधी गोष्ट होती, माणूस मागून घातला. बहुतेक जण पहिल्या बाजूचे आहेत, हे तोच मला सांगायचा. पण थोड्यांचं त्याला पटायचं. म्हणायचा, "आमच्या खात्यात बी बहुतेक जण चुकीच्या दगडावर उभे असायचे."

माझी चौथी झालेली. मला यातलं अर्धं कळायचं. ज्वारी निवडता निवडता ऐकायचे, कंटाळा आला की उठून जायचे.

तो मंडळीत जायचा थांबला नव्हता, हे सांगितलं पाहिजे. दर रविवारी जायचा, दानाची थाळी फिरवायचा, गीतं म्हणायचा. घरी आल्यावर मात्र सुरू.

दीर नांदेडला असतात. असत. ते प्रचारक होते, गावोगाव सायकलवर फिरून उपदेश केलेला माणूस. पहिल्या फळाच्या सणाला आमच्या मंडळीने त्यांना उपदेशाला बोलावलं होतं. त्या दिवशी लोक शेतातला पहिला माल आणतात, भोपळे, तूर, कोंबड्या, आणि उपासना झाली की बोली लावून विकतात. दिरांनी एक भोपळा चौपट बोलीने घेतला आणि आमच्याकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भोपळ्याची भाजी चिरता चिरता हे सगळं झालं.

सुरुवात हसण्याखेळण्यातच होती. नवरा म्हणाला, "दादा, चौघांनी त्याचं चरित्र लिहिलं म्हणता. मी पंचनामे बघितलेत. पाच पंचांचे पाच जबाब, आन अक्षर एकाचंच. खाली नुसते अंगठे. ह्या चौघातल्या दोघांनी तिसऱ्याचं उतरून घेतलंय, ओळीच्या ओळी. मग साक्षीदार किती धरायचे?"

"अक्षर एक असलं म्हणून जमीन गायब होती का रे?" दीर म्हणाले. "जमीन जागेवरच हाय ना?"

"बाहेरचा साक्षीदार दाखवा. त्या काळच्या एका यहुदी लेखकाचं दाखवता, तर त्यात मागून शाई घातलेली. फेरफार. मी शंभर फेरफार पकडलेत."

"समदी शाई मागची न्हाई. थोडी जुनी बी हाय. तुझेच विद्वान म्हणतेत. त्यानंच येशूच्या भावाचं नाव दिलंय. आन ज्यानं पत्रं लिवली तो प्रेषित त्या भावाला सवता भेटून आला. जेरुसलेमला. ज्याला सख्खा भाऊ हाय तो झालेलाच असतो, येड्या. नसलेल्या माणसाला भाऊ कसा असंल?"

नवऱ्याला हे लागलं. तो म्हणाला, "मंडळीत समदेच एकमेकाला भाऊ म्हणतेत. कालच्या बोलीत तुमच्या भोपळ्यावर चढून बोलणारा बी भाऊच हुता."

जाऊ हसली. मीही हसले. दीर नाही हसले. म्हणाले, "तुला कागदच लागतो ना? मग सवताचा दाखला काढ. त्यावर काय लिवलंय? कागद बगायला गेलं तर तू बी क्रिस्ती न्हाईस."

आमच्याकडे बऱ्याच घरांत असंच आहे. शाळेच्या दाखल्यावर जुनी जात, जुना धर्म, रविवारी दुसरं. कुणी ते उघड बोलत नाही. दिरांनी बोलून टाकलं. नवरा लाल झाला.

तेवढ्यात बाहेर नळाचा आवाज झाला. आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो. नवऱ्यानेच आधी ऐकला आणि मला ओरडून सांगितलं, "अगं, नळ आला, पाइप लाव!" शब्द स्वच्छ होते. मी जाऊन हौदात पाइप सोडला, आत आले, चहा गाळला, त्याच्या हातात कप दिला. तो बोटं मोजायला लागला होता. एक, प्रेषिताच्या पत्रात येशूच्या जन्मगावाचा पत्ता नाही. दोन, आईबापाचं नाव नाही. तीन.

मग तो पडला.

शेजारीण आली तेव्हा आम्ही तिघं तशीच होतो. ती लिंगायत, किराणा दुकानवाल्याची बायको, माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ. ती भांडायला आली होती. आमचा हौद भरून पाणी तिच्या अंगणात शिरलं होतं. दारातूनच ओरडत आली, "का गं, पाणी फुकटचं हाय का?" आणि मग तिने खाली बघितलं.

"होता म्हणा," मी त्याला अजून म्हणतच होते.

"काय म्हणायला लावून राहिलीस?" ती म्हणाली. "माणूस मरून राहिला आन तू सवाल करून राहिलीस? लकवा हाय तो. ऊठ!"

दिरांकडे वळून म्हणाली, "तुमी बी उठा, दादा. देव गाडीत बी येतो."

आमचा हौद भरायला अर्धा तास लागतो. म्हणजे अर्धा तास तो फरशीवर होता. हे गणित मी नंतर केलं आणि अजूनही करते.

तिच्या दुकानाच्या मालाच्या टेम्पोत त्याला साखरेच्या पोत्यांमध्ये आडवा घातला. टेम्पो चालवणारा तिचा थोरला मुलगा म्हणाला, इथून जवळच्या एका गावात लकव्याचं झाडपाल्याचं औषध देतात, आधी तिकडे नेऊ. माझ्या माहितीतली किती तरी माणसं तिकडे गेली होती. मीही क्षणभर हो म्हणाले होते. शेजारीणच म्हणाली, "न्हाई. माझा सासरा तिकडंच नेला हुता." आणि मुलाला दवाखान्याचा रस्ता धरायला लावला.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरने डोळ्यात बॅटरी मारली आणि लातूरला न्या म्हणाला. रुग्णवाहिका यायला वेळ लागला. मी दवाखान्याच्या पायऱ्या किती वेळा चढले-उतरले त्याला गणती नाही. दीर भिंतीला टेकून डोळे मिटून ओठ हलवत होते. मला त्यांचा राग येत होता आणि माझाही येत होता. बसवत नव्हतं. जाऊ म्हणाली, "बस की जरा." मी म्हणाले, "तूच बस."

लातूरच्या मोठ्या दवाखान्यात पोहोचायला तीन वाजले. मेंदूचा फोटो काढला. मग एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. तिने एकच प्रश्न विचारला, "किती वाजता झालं?"

आम्ही चौघं होतो. दीर म्हणाले, "साडेदहा." जाऊ म्हणाली, "कशाचे साडेदहा? एक वाजला असंल, माझं पीठ मळून झालतं." शेजारीण म्हणाली, "मी आले तवा पडलेलेच हुते." मी म्हणाले, "अकरा. नळाची वेळ अकराची."

डॉक्टरीण म्हणाली, "आजी, असं नाही चालत. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन आहे. पण साडेचार तासांच्या आतच देता येतं. साडेदहा किंवा अकरा असेल तर वेळ गेली. एक असेल तर देता येईल."

दीर पटकन म्हणाले, "मग एक लिवा."

"आणि एक वाजलेलाच नसेल तर? उशिरा दिलं तर डोक्यात रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. मला सोयीची वेळ नको. खरी पाहिजे."

दीर खाली बघायला लागले. चार माणसं, तिघं तर त्याच खोलीत होती, दुपार अजून सरली नव्हती, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. शेवटचा शब्द कोणता बोलला, यावरही दीर आणि जाऊ तिथेच भांडायला लागले.

मी म्हणाले, "नळ आला तेव्हा ते चांगले होते. मला ओरडून सांगितलं, नळ आला म्हणून. त्यानंतर चहाला जेवढा वेळ लागतो तेवढाच."

"नळ किती वाजता आला?"

"अकराला येतो."

"आज आला का अकराला?"

ते मला माहीत नव्हतं. मी सवयीने अकरा म्हणत होते. शेजारणीने कमरेचा फोन काढला. नळ सोडणाऱ्या माणसाचा नंबर तिच्याकडे होता, त्याच्याशी भांडायला ठेवलेला. तिने फोन मोठ्या आवाजावर लावला.

"आज पाणी कवा सोडलं?"

"पावणेबाराला. लाइट नव्हती. तक्रार करायची तर हापिसात करा, बाई, मला सारखं सारखं—"

"खरं बोलतुया का?"

"वहीत लिवलंय की! येऊन बगा!"

डॉक्टरणीने घड्याळ बघितलं. पावणेचार होत आले होते. "पावणेबारा धरते," म्हणाली, आणि माझा अंगठा नाही, सही घेतली. मला सही येते. तिने परत विचारलं, "नक्की चांगले बोलत होते ना तेव्हा?" मी म्हणाले, "नक्की." एवढं एकच मला त्या दिवसातलं नक्की माहीत होतं.

त्या वेळी मी तिला फरशीवरचा अर्धा तास सांगितला नाही. तिने विचारलंही नाही.

तो वाचला. दुसऱ्या दिवशी उजवा पाय थोडा हलवला. हात नाही हलला. वाचा गेली होती.

मंडळीतले लोक केळी घेऊन भेटायला आले. निम्मे म्हणाले, देवाने धडा दिला. निम्मे म्हणाले, देवाने वाचवला. मी विचारलं, "एकाच दिवशी दोन्ही कसं केलं?" त्यावर ते उठून गेले. जाऊ मला म्हणाली, "तू बी त्याच्यासारखीच हुया लागलीस." मी त्याच्यासारखी नाही. मला होता की नव्हता यात पडायचं नव्हतं. मला माझा माणूस बोलायला पाहिजे होता. त्याचं बोलणं मी घालवलं का, हे कळायला पाहिजे होतं.

महिन्याने आम्ही नांदेडला दिरांकडे राहायला गेलो. तिथे बोलायला शिकवणारी एक बाई होती. रोज सकाळी नवऱ्याला रिक्षाने तिच्याकडे न्यायचं. मी त्याला चित्रं दाखवायचे: गाय, कुलूप, फणी. तो तोंड उघडायचा, घशातून हवा यायची. मी चिडायचे. ती बाई म्हणायची, चिडू नका. मी आणखी चिडायचे. घरी आले की उगाच दिरांच्या घरातले डबे काढून घासायचे. जाऊ वैतागली.

सहाव्या आठवड्यात पहिला शब्द आला. "न्हाई." आणि मग तेवढाच.

"चहा पायजे?"

"न्हाई." आणि कपाला हात पुढे.

"पोट दुखतं का?"

"न्हाई." दुखतच असायचं.

दीर त्याच्यापुढे खुर्ची ओढून बसले. "येशू होता का रे?"

"न्हाई."

दिरांचं तोंड पडलं. जाऊ आतून म्हणाली, "तुमी हाय का ते इचारा की."

"मी हाय का?"

"न्हाई."

"ही तुझी बायको हाय का?"

"न्हाई," नवरा म्हणाला, आणि माझा पदर डाव्या हाताने घट्ट धरला. त्या दिवशी आम्ही सगळे हसलो. तोही हसला, अर्ध्या तोंडाने.

वाद मात्र दिरांना सोडवत नव्हता. समोरचा गप्प झाल्यावर त्यांना करमेना. मग ते दोन्ही बाजू स्वतःच बोलू लागले. "तू असं म्हणाला असतास, की पत्रात त्याच्या जगण्याचं काहीच न्हाई. मग मी म्हणलो असतो, पत्र घरच्यांना लिवतेत, घरच्यांना कोन पत्ता सांगतं? मग तू म्हणाला असतास..." नवऱ्याची बाजू चुकीची मांडली की नवरा डाव्या हाताने खुर्चीवर आपटायचा. मग दीर ती परत, नीट मांडायचे. हळूहळू त्यांना ती इतकी चांगली मांडता यायला लागली, की एकदा मांडून झाल्यावर स्वतःचं उत्तर सापडेना. ते उठून अंगणात फेऱ्या मारायला लागले. मी भांडी घासत होते. मला म्हणाले, "बाई, मी त्या दिवशी डोक्यावर हात ठेवून बसलो. टेम्पो दारात हुता."

मी म्हणाले, "मी सौदा करत होते. तुम्ही निदान मागत होता."

दर शुक्रवारी त्यांनी भावाच्या वाचेसाठी उपवास धरला होता. पाणीसुद्धा संध्याकाळपर्यंत नाही. त्यांना साखरेचा आजार होता, रोज सुई घ्यायचे. जाऊने सांगितलं, मी सांगितलं, डॉक्टरने सांगितलं. ते म्हणाले, "माझ्यामुळं गेलीया, माझ्यामुळंच यील." एका शुक्रवारी सुई घेतली आणि पोटात काही घातलं नाही. दुपारी अंगणात खुर्चीवर घामाने भिजलेले सापडले. आम्ही त्या वेळी एक मिनिटही घालवलं नाही. कुणी प्रार्थनेला बसलं नाही, साखर हिरड्यांना लावली, रिक्षा आणली, पळालो. उपयोग झाला नाही.

दफनाच्या वेळी मंडळी गीत म्हणत होती. नवरा काठीवर उभा होता. गीताचे शब्द त्याच्या तोंडातून नीट आले. बोलायला शिकवणाऱ्या बाईने नंतर सांगितलं, असं होतं, बोलता न येणाऱ्याला गाता येतं. मंडळीने ते वेगळंच धरलं. दीर असते तर त्यांनीही धरलं असतं.

चाकूरला परतल्यावर वर्षभरात त्याचे शब्द वाढले. तुटके, पण कळायचे. एकदा दुपारी मी त्याला विचारलंच. हात थांबत नव्हते म्हणून शेंगा फोडत होते.

"त्या दिवशी मी कानात काय म्हणत होते, ऐकू येत होतं का?"

"हाव."

"मग?"

"म्हणलो असतो. होता. भ्यालो हुतो. जीभ... नव्हती."

"खरंच वाटलं म्हणून म्हणला असता?"

"भ्यालो म्हणून." मग म्हणाला, "तसला जबाब... धरत न्हाईत."

"आणि माझ्यामुळे उशीर झाला ते?"

"झाला," म्हणाला. "शेंगा दे."

आता तो परत फोनवर भाषणं ऐकतो. आवाज मोठा ठेवतो. मध्येच थांबवतो आणि दीर आले की बसायचे त्या रिकाम्या खुर्चीकडे बघतो. मी ती खुर्ची दोनदा मागच्या खोलीत नेऊन ठेवली, त्याने दोनदा परत आणवली. मंडळीतल्या पंचाने जागेचं पुन्हा काढलं नाही. मला अजून बसवत नाही. भाकरी थापताना उठते, दार बघून येते.

दीर गेले, वय एकाहत्तर. जाऊ नांदेडला मुलाकडे आहे. शेजारीण आहे. नवरा आहे, उजवा हात कामाचा नाही. मी आहे.